झांझिबारच्या सुलतानाचा गोमंतकीय वाद्यवृंद

प्रवरा नदीच्या उगमाकडील भंडारदऱ्याचा डोंगराळ मुलूख १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणामुळे सर्वपरिचित झाला आहे. ह्या मुलखाची वाद्ये कोणती, असे विचारल्यास जाणकार माणूस संबळ, सनई व ढोल ही नावे सांगेल. आणि बोहाड्याच्या सोंगांपुढे काय वाजते हे ज्याने ऐकले आहे तो ह्या उत्तरास हरकत घेणार नाही. तथापि ह्याच भागातील लग्नाच्या वरातींत क्लॅरिनेट, कॉर्नेट व गळ्यात अडकविलेला मोठा ड्रम ही मंडळीही आता जुनी झाली आहेत. पितळी गुंड्यांचे कोट घातलेल्या बँडवाल्यांकडे पाहून त्यांची वाद्ये मुळात परक्या पलटणींची होती, हा विचार कोणाच्या मनात येत नाही. एका बाजूस अहमदनगरची (आताच्या अहिल्यानगरची) छावणी व दुसऱ्या बाजूस देवळालीची छावणी, अशा दोन लष्करी ठाण्यांच्या मध्ये हा प्रदेश वसला आहे. पलटणीच्या कवायतीतून लग्नाच्या मांडवापर्यंत पितळी वाद्यांनी केलेली ही वाटचाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते, आणि ती सर्वत्र आढळते म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

ह्या वाटचालीची एक शाखा समुद्रापलीकडे गेली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील वादक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले, तेथील राजदरबारी त्यांनी नोकरी धरली, आणि त्यांची वाद्ये पाहून तेथील सामान्य जनांनी स्वतःचे हौशी वाद्यवृंद उभे केले. प्रस्तुत लेखाचा विषय हाच होय.

प्रथम वाद्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. कळ नसलेल्या बिगुलातून किंवा तुतारीतून ठराविकच स्वर निघतात. त्यामुळे अशा वाद्यावर इशारा देता येतो, परंतु पुरी चाल वाजविता येत नाही. १८१५ च्या सुमारास जर्मन कारागिरांनी पितळी वाद्यास कळा बसविण्याची युक्ती शोधून काढली आणि १८४० नंतर पॅरिस येथे अडॉल्फ साक्स याने लहानमोठ्या आकारांचे एक संपूर्ण वाद्यकुटुंबच तयार केले. ह्या कुटुंबातील बहुतेक वाद्यांवर बोटांची रीत एकच असे. एक वाद्य शिकलेला मनुष्य थोड्या सरावाने दुसरे हाती घेऊ शके. व्हायोलिनला लागणारी नाजूक बोटे व अनेक वर्षांची तालीम ह्यांची येथे तितकी निकड नव्हती. दिवसभर गिरणीत अथवा खाणीत राबणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या दोन तासांत साधेल असे हे संगीत होते. इंग्लंडच्या उत्तर भागात गावोगाव कामगारांचे हौशी वाद्यवृंद निघाले ते ह्यामुळेच. मँचेस्टर येथील बेल व्ह्यू उद्यानात १८५३ पासून त्यांच्या चढाओढी भरू लागल्या.

ह्यांपैकी काही वाद्यवृंदांनी परदेशचे प्रवासही केले. मँचेस्टरजवळच्या ‘बेसेस ओ’ द बार्न’ नावाच्या वस्तीतील वाद्यवृंद १९०६–०७ मध्ये व पुन्हा १९०९–११ मध्ये जगाच्या सफरीस निघाला आणि अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत वाजवून परतला. ऑस्ट्रेलियातील हौशी वादकांवर ह्या भेटींचा मोठा परिणाम झाला. पुढे १९२४ साली ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथील पोलाद कारखान्याच्या वाद्यवृंदाने इंग्लंडला जाऊन बेल व्ह्यूचीच चढाओढ जिंकली. शिष्याने गुरूच्या घरी जाऊन बक्षीस आणावे तसा हा प्रकार झाला. ह्या सफरींचे दिवस, मुक्काम, वाजविलेले तुकडे व नायकांची नावे वर्तमानपत्रांतून नोंदली गेली आहेत. झांझिबारला गेलेल्या गोमंतकीयांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. युरोपीय प्रवाशांनी त्यांचा उल्लेख केला, पण तो बहुधा ‘सुलतानाचे गोवेकर वादक’ एवढ्यावर संपतो. लँकेशायरचा कामगार परदेशी गेला तो पाहुणा म्हणून; गोमंतकीय गेला तो नोकर म्हणून. दप्तरांनी दोघांना दिलेल्या निरनिराळ्या वागणुकीचे कारण बव्हंशी ह्या फरकात आहे, असे माझे मत आहे.

गोमंतकात पाश्चात्य संगीताचा पाया पोर्तुगीज अमदानीच्या पहिल्या शतकातच घातला गेला. चर्चच्या उपासनेस गायक व वादक हवे असत, आणि ते पुरविण्यासाठी चर्चला जोडून शाळा चालत. ह्या शाळांतून मुलांना अक्षरओळख व धर्मपाठ ह्यांबरोबर स्वरलेखन वाचावयास शिकवीत. त्यानंतर व्हायोलिन अथवा अन्य वाद्य हाती देत. शिकविणाऱ्यास मेस्त्री म्हणत. शिक्षण कडक असे, वेताची छडीही असे, आणि त्यातून बाहेर पडलेला मुलगा कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवू शके. हिंदुस्थानी संगीत गुरुमुखातून शिष्याकडे जाते. ते शिकण्यास घराणे लागते व काळ लागतो. गोव्याच्या मुलाला मिळालेली विद्या कागदावर उतरलेली असल्यामुळे कोठल्याही गावी, कोठल्याही मालकाकडे आणि अनोळखी सोबत्यांबरोबर लगेच उपयोगी पडणारी होती. सालसेत अथवा बार्देश महालातील शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने ती भाकरीची विद्या होती.

गावातील फेस्ताला, लग्नाला व अंत्ययात्रेलाही वादक लागत. ह्या प्रसंगी वाजविणारे अनेक जण एरवी शेती किंवा सुतारकी करणारे असत. त्यांना हौशी म्हणावे की धंदेवाईक, हा प्रश्न इंग्लंडच्या मानाने येथे अधिक अवघड आहे. एकच मनुष्य गावात असताना देवाच्या सेवेसाठी फुकट वाजवी आणि मुंबईस गेल्यावर पगारावर वाजवी.

मुंबईस जाण्याची कारणे आर्थिक होती. जमीन थोडी, गावकरीचे उत्पन्न वाटले गेलेले, आणि त्यात १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मीठ व जकातीची व्यवस्था इंग्रजांच्या सोयीची करून टाकली. त्याच तहातून मुरगावची रेल्वे झाली. गोव्याचा माल वाढविण्यासाठी ती बांधली असली तरी माणसे बाहेर नेण्याच्या कामी ती अधिक आली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे कूड उभे राहिले. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी वर्गणीतून चालविलेले बिऱ्हाड. खलाशी, आचारी, शिंपी व वादक तेथे उतरत, एकत्र प्रार्थना करीत, गावच्या पेट्रन संताचा सण पाळीत, आणि कोणी आजारी पडला अगर मेला तर त्याची व्यवस्था लावीत. नोकरीची बातमी प्रथम कुडात पोहोचे. इंग्रज पलटणी, संस्थानिकांचे दरबार आणि पुढे पोलीस व आगबोटी ह्यांचे वाद्यवृंद गोमंतकीयांनी भरून गेले. विसाव्या शतकात हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळात सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय दिसतात ते ह्याच परंपरेचे वारस होत.

झांझिबारशी मुंबईचे नाते वादकांच्याही आधीचे आहे. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला हलविली. लवंगा, हस्तिदंत आणि गुलाम ह्यांच्या व्यापारावर ते बेट संपन्न झाले. बंदराच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ कच्छी पेढीकडे होता, बाजारात हिंदुस्थानचा रुपया चाले, आणि इंग्रज वकिलातीचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली होता. सैदच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांत राज्याचा तंटा झाला, तोही १८६१ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग ह्याच्या निवाड्याने मिटला. ह्या तंट्याच्या काळात, १८५९ साली, धाकटा मुलगा बरघाश ह्याने बंड केले व ते फसले. त्याला हद्दपार करून मुंबईस पाठविण्यात आले आणि सुमारे दोन वर्षे तो तेथे राहिला.

बरघाशच्या पुढील कारकिर्दीवर ह्या मुंबईवासाची छाप आहे, असे अभ्यासक मानत आले आहेत. १८७० मध्ये तो सुलतान झाला. १८७२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी टपाल घेऊन झांझिबारला नियमित जाऊ लागल्या. १८७५ मध्ये त्याने इंग्लंडचा दौरा केला. शहरास नळाचे पाणी आणले, स्वतःची जहाजे घेतली, आणि १८८३ मध्ये ‘बैत-अल-अजाइब’ म्हणजे नवलाचा वाडा बांधला. सुलतानाचा वाद्यवृंद हा ह्याच सुधारणांपैकी एक. तो गोमंतकीयांचा होता आणि वाड्यासमोरील मोकळ्या जागेत वाजत असे. ओमानी राजघराणे इबादी पंथाचे. ह्या पंथाची वृत्ती करमणुकीच्या संगीताविषयी कठोर आहे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे बरघाशच्या निर्णयाचे महत्त्व कळते. तो केवळ शौकासाठी वाद्यवृंद बाळगीत नव्हता. बंदरात युरोपीय युद्धनौका येत, वकील येत, तोफांच्या सलामी होत. अशा वेळी राजाकडे निशाण, तोफा व वाद्यवृंद ह्या तीन वस्तू नसतील तर त्याला राजा म्हणून कोणी मोजत नसे. आपल्या संस्थानिकांचीही तीच रीत होती.

ह्या कामी गोमंतकीयच का निवडले गेले? एक कारण उघड आहे: स्वरलेखन वाचणारे, गणवेषाची सवय असलेले व बेताच्या पगारावर येणारे वादक मुंबईत तयार मिळत. दुसरे कारण राजकीय असावे. झांझिबारमधील कच्छी व गुजराती व्यापाऱ्यांवर इंग्रज वकील आपला अधिकार सांगे. गोमंतकीय हे पोर्तुगालच्या राजाचे प्रजाजन. इंग्रजांच्या दडपणाखाली वावरणाऱ्या सुलतानाला आपल्या दारात तरी इंग्रजांचा आश्रित नसलेला नोकर सोयीचा वाटला असल्यास नवल नाही. वादकांबरोबर व त्यांच्या मागोमाग छायाचित्रकार, आचारी, दुकानदार व कारकूनही तेथे गेले, ए. सी. गोम्स ह्यांच्या छायाचित्रशाळेची झांझिबारची चित्रे आज इतिहासाची साधने म्हणून वापरली जातात.

१८९० मध्ये झांझिबार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले. २७ ऑगस्ट १८९६ रोजी वारशाच्या तंट्यात इंग्रज आरमाराने पाऊण तासाच्या आत वाडा उद्ध्वस्त केला. सत्ता गेली, पण तिची लक्षणे इंग्रजांनी जपून ठेविली. सुलतानाचा वाद्यवृंद पुढेही वाजत राहिला. फरक इतकाच की आता तो ज्या राज्याची ग्वाही देत होता ते राज्य दुसऱ्याच्या हाती होते. आपल्याकडील संस्थानांच्या बँडांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

येथे नाशिकचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अरबी गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ठेवून सुतारकी, लोहारकी व लिहिणेवाचणे शिकवीत. लिव्हिंग्स्टनच्या प्रेताबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा तेथलाच विद्यार्थी. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांनी १८७३ मध्ये बरघाशशी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जो तह घडवून आणला, त्यानंतर १८७४–७५ मध्ये ह्यांपैकी अनेकांना मोंबासाजवळ फ्रीरटाऊन ही वसाहत स्थापून तेथे नेण्यात आले. मोंबासात त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. वाद्यांशी त्यांचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या मोंबासात पुढे हौशी वाद्यवृंद निघाले तेथील समाजात गोदाकाठी वाढलेली माणसे होती, एवढे ध्यानात असावे.

१८९० नंतरच्या दशकात लामू, मोंबासा ह्या किनाऱ्यावरील शहरांत ‘बेनी’ नावाचा एक नवा प्रकार सुरू झाला. ‘बँड’ ह्या इंग्रजी शब्दाचे हे स्वाहिली रूप. किनाऱ्यावरच्या स्वाहिली लोकांत गावाचे दोन तट पडून नाचगाण्यात व मेजवान्यांत एकमेकांवर मात करण्याची चाल जुनी होती. सुलतानाचे गोमंतकीय वादक, युद्धनौकांवरचे बँड, मिशनच्या शाळा व वसाहतींच्या पलटणी ह्या सर्वांकडे पाहून तरुणांनी ह्या जुन्या चढाओढीला नवा पोशाख चढविला. मोंबासात ‘किंगी’ व ‘स्कॉची’ असे दोन पक्ष झाले. एकाने राजाचे नाव घेतले, दुसऱ्याने स्कॉच पलटणीचा बाणा उचलला. वर्गणी काढून मोठा ड्रम व कर्णे विकत घेत. ज्यांना पितळी वाद्य परवडत नसे ते भोपळ्याचे कर्णे करून त्यांत गुणगुणत आणि तसाच नाद काढीत. कवायत, सलामी, हुद्दे, पदके हे सर्व त्यात असे. सभासदांत राजे, सेनापती व डॉक्टरही असत. एखादा हमाल किंवा घरगडी रविवारी कर्नल होई.

ह्या प्रकाराचा सविस्तर इतिहास टेरेन्स रेंजर ह्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला आहे. बेनीकडे नुसती नक्कल म्हणून पाहू नये, हा त्यांचा मुख्य आग्रह आहे, आणि तो मला सर्वस्वी पटतो. साहेबाची ऐट उचलणारा मनुष्य साहेबापुढे लाचार असतोच असे नाही. बेनीच्या गाण्यांतून प्रतिपक्षाची टर उडवीत, सावकारांची उणीदुणी काढीत, प्रसंगी सरकारासही चिमटे घेत. शिवाय हे संघ परस्परसाहाय्याची मंडळे होती. परगावी कामास गेलेल्या सभासदाला तेथील शाखा आसरा देई, आजारपणात मदत करी, मेल्यास पुरण्याचा खर्च सोशी. धोबीतलावच्या कुडाची व बेनीच्या संघाची कामे शेजारी मांडून पाहिली तर साम्य ठळक दिसते. घर सोडून दूरच्या बंदरात मजुरीस आलेल्या माणसाची गरज दोन्हीकडे एकच होती.

पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रणभूमीवर इंग्रज व जर्मन अशा दोन्ही बाजूंचे आफ्रिकी शिपाई व ओझेकरी लढाईबरोबर बेनीही आत नेत राहिले. ‘मारिनी’ व ‘अरिनोती’ हे तिचे दोन पक्ष टांगानिकाभर पसरले. एका गावचे संघ दुसऱ्या गावच्या संघांशी पत्रव्यवहार ठेवतात, त्यांना हुद्दे आहेत, शिस्त आहे, हे पाहून युद्धानंतर इंग्रज अधिकाऱ्यांना कटाचा संशय आला. चौकश्या झाल्या, निघाले ते नाच, वर्गण्या व अंत्यविधीचे खर्च. न्यासालँडमध्ये ह्याच प्रवाहातून मगांडा व मालिपेंगा हे नाच निघाले, आणि उत्तर ऱ्होडेशियाच्या तांब्याच्या खाणींत कालेला हा नाच आला. कालेलावर क्लाइड मिचेल ह्यांनी १९५६ मध्ये लिहिलेला निबंध समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. खाणमजुरांच्या त्या नाचापर्यंत येईतो वाद्ये बदलली, चाली बदलल्या. गणवेष व हुद्दे मात्र टिकले.

हा प्रवास एकतर्फी नव्हता. बरघाशनेच मुहम्मद इब्राहिम नावाच्या वादकास कानून वाजविण्यास शिकण्यासाठी कैरोला पाठविले होते. त्यातून दरबारी ताराब संगीत उभे राहिले. १९०५ मध्ये ‘इख्वानी सफा’ हे हौशी संगीतमंडळ झांझिबारच्या नागरिकांनी स्थापन केले. वाड्यापुढे पितळी वाद्ये व आत कानून आणि ऊद, अशी एकाच दरबाराची दोन संगीते होती. ताराब प्रथम अरबीत गात. ते स्वाहिलीत आणून सामान्यांच्या घरी पोहोचविले सिती बिंती साद हिने. ती गुलामांच्या वंशातली, मडकी विकणारी बाई. १९२८ साली ती आपल्या साथीदारांसह आगबोटीने मुंबईस आली आणि तेथे हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने तिच्या तबकड्या काढल्या. पूर्व आफ्रिकेतील स्त्रीचा आवाज तबकडीवर आला तो असा मुंबईत. ज्या बंदरातून गोमंतकीय वादक झांझिबारला गेले होते, त्याच बंदरात अर्धशतकानंतर झांझिबारचा वाद्यमेळ उतरला. ह्या तबकड्या किनाऱ्यावर इतक्या खपल्या की कंपनीने तिला पुन्हा बोलाविले. पुढे मोंबासाच्या ताराबमध्ये बाजाची पेटी व तबला आला, आणि हिंदी चित्रपटांच्या चालींवर स्वाहिली पदे रचली जाऊ लागली. त्या चालींचा वाद्यमेळ मुंबईत बांधणाऱ्यांत गोमंतकीय होते, हे वर आलेच आहे.

१२ जानेवारी १९६४ च्या क्रांतीत सुलतान जमशीद परागंदा झाला व राजघराणे संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झांझिबार टांगानिकास जोडले गेले. दरबार नाहीसा झाल्यावर दरबारी वाद्यवृंदास कारण उरले नाही. गोमंतकीय कुटुंबांपैकी बरीच मुख्य भूमीवर व तेथून पुढे इंग्लंड-कॅनडाकडे गेली. बेनी मात्र झांझिबारात राहिली. लष्करी हुद्दे व पक्षांची भांडणे गळून पडली, आणि तो लग्नाचा बाजा बनला. वरातीपुढे दोनतीन ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व ड्रम घेतलेले वादक चालतात, ताराबची गाजलेली पदे वाजवितात, आणि मागून बायका नाचत, गात येतात.